मांडवगणचे कलिंगड आणि आजीच्या अटी

वैशाख पौर्णिमेला गावी जायचे हा आमच्या घरचा रिवाज. पिंपरीत विहार आहे, मिरवणूक निघते, खीर असते, सगळे असते. पण वर्षातला हा एक दिवस मांडवगण फराट्याला गेल्याशिवाय वडिलांना करमत नसे. आता वडील नाहीत, तर ते करमेनासे होणे आमच्या वाट्याला आले आहे. यंदाही मुलाबाळांसह गेलो, तीन दिवस राहिलो, आणि येताना पिशवीतून तीन बाटल्या लोणचे घेऊन आलो. त्या लोणच्याची ही हकीकत. वाचक भगिनींना कृती हवी असेल तर तीही पुढे दिली आहे. पण कृतीच्या आधी वाद झाला होता, म्हणून तो आधी सांगतो.

पुण्याहून मांडवगणला जायला दोन वाटा. एक नगर रस्त्याने, कोरेगाव भीमा, शिक्रापूर, तळेगाव ढमढेरे, न्हावरे अशी. दुसरी रेल्वेची. आम्ही दौंडची गाडी धरतो आणि केडगावला उतरतो. मुलांना गाडी आवडते आणि खिशालाही ती परवडते. केडगाव म्हणजे पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे गाव. 1896-97 च्या दुष्काळात उपाशी, अनाथ मुली आणून बाईंनी इथे त्यांना आसरा दिला. ते आवार अजून आहे. स्टेशनवरून पारगावच्या जीपमध्ये बसलो की थोड्याच वेळात गुळाचा वास येऊ लागतो. दौंड तालुक्याचा हा भाग गुऱ्हाळांचा. धुराडी दिसतात, चिपाडांचे ढीग दिसतात, आणि चुलवाणापाशी काम करणारी कुटुंबे बहुधा उत्तर प्रदेशातून आलेली असतात.

पारगावजवळ भीमा ओलांडली की शिरूर तालुका लागतो. पुलावर मुले खिडकीतून वाकून पाहतात. ही तीच भीमा, जिच्या काठी वर कोरेगावला 1 जानेवारी 1818 ची लढाई झाली आणि जिथल्या स्तंभाला मानवंदना द्यायला 1 जानेवारी 1927 रोजी बाबासाहेब आले होते. मुलांना हे दर वर्षी सांगतो आणि मुले दर वर्षी नाक धरतात. कारण रांजणगाव सांडसपाशी मुळा-मुठा भीमेला मिळते आणि पुण्या-पिंपरीचे सांडपाणी घेऊन येते. म्हणजे आमच्याच मोरीचे पाणी आमच्याआधी गावी पोचलेले असते. उन्हाळ्यात वर जलपर्णीचा हिरवा गालिचा असतो.

मांडवगणला फराटा हे शेपूट फराटे घराण्यामुळे लागले असे सांगतात. नुसते मांडवगण म्हटले तर लोक श्रीगोंदा तालुक्यातल्या मांडवगणला पाठवतात. गाव मोठे, बाजाराचे, उसाचे. ऊस वाढला तसे शिरूर तालुक्यात बिबटेही वाढले. त्यामुळे पूर्वी अंगणात रात्री उशिरापर्यंत चालणाऱ्या गप्पा आता दिवे लागताच आत येतात. आमची चुलत आजी मात्र ओट्यावरच बसते. वय नव्वदीच्या घरात, दात नाहीत, कान शाबूत. बिबट्याचे नाव काढले की म्हणते, "माझ्यात खायाला काय ऱ्हायलंय?"

तर पौर्णिमेची सकाळ. विहारात धम्मध्वज लावला, त्रिशरण-पंचशील झाले, बुद्धपूजा झाली. बौद्धाचार्यांनी प्रवचनात चुल्लवग्गातली आनंदाची गोष्ट सांगितली. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दान दिली. राजाला राग आला. त्याने आनंदाला गाठून विचारले, एवढ्या वस्त्रांचे भिक्षू करणार तरी काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे? त्यांची अंथरुणे. जुन्या अंथरुणांचे? त्यांच्या गादीच्या खोळी. पुढे जमिनीवरच्या बिछायती, मग पायपुसणी, मग झटकणी. आणि तीही फाटली की त्यांचे तुकडे कुटून चिखलात कालवून गिलावा. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. आमच्या बायका-मुलांना ही गोष्ट फार भावली. गोधडीत जुने लुगडे, गोधडी फाटली की पोतेरे, पोतेरे विरले की सारवणाचा बोळा, हे आमच्याही घरात होतेच की.

प्रवचन संपल्यावर खिरीबरोबर कलिंगडे फोडली. वस्तीतल्या एका तरुणाने खंडाने घेतलेल्या जमिनीत कलिंगड लावले होते. प्लास्टिकचा कागद अंथरून, ठिबकवर, साठ-सत्तर दिवसांत फळ हातात. पीक झकास आले आणि नेमका भाव पडला. गाडीभाडेही सुटेना. तेव्हा त्याने टेम्पोभर फळे विहारात आणून ठेवली. "विकून काय मिळनार? त्यापरीस वाटून टाकू," असे तो हसत म्हणाला, पण ते हसणे काही बरे नव्हते. खत, रोपे, कागद, खंड, सगळे अंगावर. दीड-दोनशे माणसांनी फाका खाल्ल्या आणि विहारामागे सालींचा ढीग पडला. दोन शेळ्या लगेच हजर झाल्या.

तो ढीग पाहून आमची धाकटी म्हणाली, "नर्सकाकू याचं लोणचं करतात ना!" पिंपरीला आमच्या शेजारी एक ख्रिस्ती नर्सबाई राहतात. त्या कलिंगडाच्या पांढऱ्या भागाचे गोड लोणचे करतात, आम्ही ते चाखले होते आणि कृतीही लिहून घेतली होती. आताच्या त्या प्रवचनाचा अंमल आमच्यावर होताच. एवढा माल वाया जातो आहे, शेतकऱ्याला पैसा नाही, मग निदान हे तरी करू, असे आम्ही मोठ्याने बोललो.

आजी ओट्यावरून कडाडली. "उष्ट्या साली? ह्याच्यासाठी का बाबासायबानं जीव आटवला? शेळीम्होरं टाकलेलं तुमी बरनीत भरनार?"

आम्ही समजावू लागलो, की आजी, हे पौष्टिक असते, परदेशात खातात. तिने तोंड फिरवले. दुपारी जेवायलाही ती आमच्याबरोबर बसली नाही. वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक नाही. तिनं कलिंगडच कधी खाल्लेलं आम्ही पाहिलं नाही."

संध्याकाळी तिनेच विषय काढला. तिचे माहेर नदीपलीकडचे. त्या गावाचे नाव ती घेत नाही, आम्हीही घेत नाही. त्या काळी भीमेच्या पात्रात वाळू होती. पाणी ओसरले की वाळूत खड्डे करायचे, त्यात शेणखत भरायचे, बी टोचायचे आणि मडक्याने पाणी घालायचे. उन्हाळ्यात त्या वाळूत कलिंगडे आणि खरबुजे लोळत असत. आजीची आई त्या वेलांना पाणी घालायला जाई. तयार फळ मात्र मोठ्या घरी जाई. तिथे माणसे वाड्यात बसून फाका खात आणि साली टोपल्यात टाकत. ते टोपले मागच्या दारी यायचे आणि मग हाक यायची. आजी सात-आठ वर्षांची होती. आई त्या सालींवरची दातांची खूण विळीने काढून टाकी, हिरवे सोली आणि उरलेल्या पांढऱ्याचे तिखट-मीठ लावून कोरड्यास करी. "चव चांगली व्हती," आजी म्हणाली. "त्याचाच तर राग येतो."

आम्ही गप्प बसलो. महारकीचा हक्क म्हणून जे मिळे, त्यात भाकर होती तसे हे टोपलेही होते. बाबासाहेबांनी 1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे-शिळे सोडायला सांगितले. 1928 मध्ये वतनाच्या जाचातून सोडवण्यासाठी मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले. वतने कायद्याने जायला 1958 साल उजाडावे लागले. पण आजीच्या सासरी ते आधीच संपले होते. दीक्षेनंतर तिच्या सासऱ्यांनी घरात नेम घातला, की दुसऱ्याच्या ताटातले काही या उंबऱ्याच्या आत येणार नाही. आजी तो नेम साठ-पासष्ट वर्षे पाळते आहे. आणि आम्ही दोन दिवसांचे पाहुणे तिला काटकसर शिकवायला निघालो होतो.

आनंदाच्या गोष्टीकडेही मग नीट पाहिले. ती चीवरे दान म्हणून सन्मानाने आली होती. भिक्षूंनी ती स्वतः अंगावर घातली, मग स्वतःच त्यांचे पायपुसणे केले. दुसऱ्याने पाय पुसून फेकलेले फडके त्यांना कोणी चीवर म्हणून दिले नव्हते.

रात्री आम्ही आजीला विचारले, की समजा फळ आपण पैसे देऊन आणले, कोणाच्या तोंडाला लागण्याआधीच सोलले, तर? ती बराच वेळ चंची चाळत राहिली. मग म्हणाली, "इकत आना. दात लागायच्या आधी सोला. मंग काय करायचं ते करा. मी खानार नाय."

सकाळी त्या तरुणाकडून दोन मोठी फळे घेतली. तो पैसे घेईना. "आजीची अट आहे," म्हटल्यावर घेतले.

आता कृती. फळ जाड सालीचे पाहावे. हल्लीची छोटी, काळपट हिरवी शुगर बेबीसारखी फळे खायला गोड असतात, पण पांढरा भाग थोडा निघतो. पट्ट्यापट्ट्यांचे मोठे फळ बरे. आधी फळ स्वच्छ धुवावे, कारण फवारणी वरच्या सालीवरच असते. मग अख्ख्या फळाचीच हिरवी साल सोलाण्याने काढून टाकावी. ती मात्र खरोखर शेळीची. नंतर फळ चिरून लाल गर काढावा. पांढऱ्यावर लालीची पुसट रेघ राहिली तर दिसायला छान, जास्त राहिली तर लोणचे मऊ पडते. बोटाच्या पेराएवढे तुकडे करावेत. पाच-सहा किलोच्या फळातून जेमतेम किलोभर तुकडे निघतात.

किलोभर तुकड्यांना दोन लिटर पाण्यात एक चमचा खाण्याचा चुना कालवावा. तो खाली बसू द्यावा आणि वरची निवळीच घ्यावी, गाळ टाकून द्यावा. या निवळीत तुकडे सात-आठ तास बुडवून ठेवावेत. चुन्यामुळे फळातला चिकट अंश घट्ट बांधला जातो आणि शिजवल्यावरही तुकडा कुरकुरीत राहतो. कोहळ्याचा पेठा करणारे हलवाई हेच करतात. पण नंतर तुकडे चार पाण्यांनी धुवायला आळस करू नये. दर वेळी थोडा वेळ स्वच्छ पाण्यात ठेवून ते पाणी ओतून द्यावे. चुना उरला तर तोंड भाजते आणि लोणच्यातला आंबटपणाही मरतो, मग ते टिकत नाही.

घरात चुना नव्हता. दुकान लांब. आम्ही एकमेकांकडे पाहत होतो तेवढ्यात ओट्यावरून डबी सरकत आली. आजीच्या चंचीतली. "किती लागतोय?" एवढेच ती बोलली.

तुकडे निवळीत घातले आणि आठ तास मोकळे मिळाले. मग दादांच्या मोटरसायकलीवर आणि शेजारच्या रिक्षातून आम्ही इनामगावला गेलो. दर वर्षी जाऊ जाऊ म्हणत राहून जाई. घोड नदीच्या काठावरचे हे गाव मांडवगणहून जवळच. इथल्या पांढरीच्या टेकाडावर पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 अशी वर्षानुवर्षे उत्खनने केली. सांकलिया, अन्सारी, धवलीकर या संशोधकांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. सुमारे इ.स.पूर्व 1600 ते 700 या काळातली शेतकऱ्यांची वस्ती इथे सापडली. मुख्य पीक जव, शिवाय मसूर, कुळीथ. घोडेचे पुराचे पाणी पाटाने वळवून घेतलेले. आणि धान्य साठवायला जागोजागी पेवे, कणग्या, रांजण. आज तिथे पाहायला टेकाड आणि शेतेच आहेत. मुलांना वाटले होते की किल्ला असेल. ती हिरमुसली.

आम्हाला मात्र बराच वेळ तिथून हलावेसे वाटेना. तीन हजार वर्षांपूर्वीही इथल्या बायकांना हाच घोर होता, की पिकते चार महिने आणि खायचे बारा महिने. त्या काळचा एक मोठा घरमालक गावाच्या मध्यभागी राहत होता, त्याच्या घराशेजारीच कोठार होते. खात्यापित्या शेतकऱ्यांची घरे मधोमध, तर कुंभार-सोनारांसारखे कारागीर कडेला, असे धवलीकरांनी मांडले आहे. तेव्हा जात होती असे कोणी म्हणत नाही, आम्हीही म्हणत नाही. पण कोठार कोणाच्या दाराशी आणि कडेला कोण, हा प्रश्न भीमा-घोडेच्या दुआबात किती जुना आहे ते पाहून नवल वाटले. पुढे पाऊसमान घटले, चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या आल्या, आणि शेवटी लोक वस्ती सोडून गेले. परतताना रिक्षातून सगळीकडे ऊसच ऊस दिसत होता.

संध्याकाळी तुकडे धुतले. पुढचा भाग असा. तुकडे स्वच्छ पाण्यात दहा-पंधरा मिनिटे उकळावेत. टाचणी सहज गेली पाहिजे, पण तुकडा मोडता कामा नये. मग पाणी निथळावे. पाऊण किलो गूळ, तीनशे मिलिलिटर व्हिनेगर, तेवढेच पाणी, आठ-दहा लवंगा, दालचिनीचे दोन तुकडे, बोटभर आल्याच्या चकत्या आणि चमचाभर मीठ एकत्र उकळावे. गुळात कचरा असतो, म्हणून पाक गाळून घ्यावा आणि मसाला परत टाकावा. व्हिनेगरच्या बाटलीवर चार ते पाच टक्के आम्ल लिहिलेले असते ते पाहून घ्यावे, आणि पाणी सांगितल्यापेक्षा जास्त घालू नये, कारण टिकण्याची सगळी मदार त्या आंबटपणावर आणि गोडीवर आहे. गूळ पिवळाधमक घेऊ नये. तो रंग पुष्कळदा पावडरीचा असतो. काळसर गुळाला चव जास्त. साखरही चालते, लोणचे मग काचेसारखे दिसते, पण दौंडच्या गुळाच्या गावी येऊन साखर वापरणे आम्हाला बरे वाटेना.

भांडे स्टीलचे हवे. आम्ही सवयीने जर्मनचे मोठे पातेले चुलीवर चढवले होते. वहिनींनी ते उतरवले. आंबट पदार्थ जर्मनच्या भांड्यात उकळला की भांडे काळे पडते आणि धातू खाण्यात उतरतो. पितळेचे बिनकल्हईचे तर त्याहून वाईट.

पाकात तुकडे घालून दहा मिनिटे उकळावे, झाकावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. ही रात्र चुकवू नये. नर्सबाईंची कृती आधी घरी करून पाहिली तेव्हा आम्ही घाईने एकदाच पाक घट्ट आटवला आणि तुकडे सुकल्या बोरासारखे आक्रसले. पाक घट्ट असला की तो तुकड्यातले पाणी ओढून घेतो, आत मात्र शिरत नाही. पातळ पाकात रात्रभर मुरले की गोडी हळूहळू आत जाते. दुसऱ्या दिवशी मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवले की तुकडे पारदर्शक होतात आणि पाक पातळ मधासारखा होतो. उकळत्या पाण्यातून काढून कोरड्या केलेल्या गरम काचेच्या बाटल्यांत गरमच भरावे. तुकडे पाकात पूर्ण बुडालेले हवेत. आठवडाभर मुरू द्यावे. फ्रीज नसेल तर थोडेच करावे आणि महिन्याभरात संपवावे. वर बुरशी दिसली तर वरचेवर काढून खाऊ नये, सगळे टाकून द्यावे.

पाक मुरत होता त्या रात्री थोरल्या मुलीने आजीला या लोणच्याची जन्मकथा सांगितली. ती कॉलेजात इतिहास शिकते. कलिंगड मूळचे आफ्रिकेचे. तिथून ते सगळीकडे पसरले. अमेरिकेत 1796 साली अमेलिया सिमन्स नावाच्या बाईने स्वयंपाकाचे पुस्तक छापले. अमेरिकन बाईने लिहिलेले ते तिथले पहिलेच म्हणतात. त्यात कलिंगडाची साल साखरेच्या पाकात शिजवायची कृती आहे. पुस्तकाच्या पहिल्या पानावर बाईंनी आपल्या नावापुढे 'अमेरिकन अनाथ' एवढीच ओळख दिली आहे. व्हिनेगर-लवंगांचे लोणचे पुढे त्या देशाच्या दक्षिण भागात घराघरांतले झाले. गोऱ्यांच्या घरी काळ्या बायका स्वयंपाकाला असत. तेव्हा हे लोणचे किती हातांनी घातले असेल आणि नाव कोणाचे लागले असेल, ते आपल्याला सांगायला नको.

1865 मध्ये तिथली गुलामगिरी कायद्याने संपली. सुटलेल्या काळ्या लोकांपैकी अनेकांनी कलिंगडे लावली आणि विकली. स्वतःच्या घामाचा पैसा पहिल्यांदा स्वतःच्या हातात आला. ते गोऱ्यांना खुपले. वर्तमानपत्रांतून, पोस्टकार्डांवरून कलिंगडावर तुटून पडलेल्या काळ्या माणसांची चित्रे निघू लागली. आळशी, खादाड, अस्वच्छ. ज्या फळाने त्यांना मोकळे केले तेच फळ त्यांच्या तोंडावर मारले गेले. पुढे कित्येक काळी माणसे गोऱ्यांच्या देखत कलिंगड खायलाच तयार नसत. बाबासाहेब 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हाही ती पोस्टकार्डे विकली जात होती. 1946 साली बाबासाहेबांनी काळ्यांचे पुढारी डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि अस्पृश्यांची व काळ्या लोकांची स्थिती किती सारखी आहे ते कळवले, हेही मुलीने सांगितले.

आजीने सगळे ऐकले. पत्राबद्दल काही विचारले नाही. विचारले ते असे, "त्यांच्या म्हाताऱ्या आता खात्यात का?"

मुलगी म्हणाली, "कोणी खातात, कोणी अजून खात नाहीत."

"मंग ठीक हाय," आजी म्हणाली आणि झोपायला गेली.

आपल्या समाजाच्या खाण्यापिण्याचे पुस्तक आपल्या भाषेत यायला फार उशीर झाला. शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 मध्ये आले, ते मराठवाड्यातल्या खाण्यावर. भीमाकाठच्या बायकांनी तिखट-मीठ लावलेल्या त्या पांढऱ्या कोरड्यासाची कृती आम्ही अजून कुठे छापलेली पाहिली नाही. आजीला विचारून ती लिहून घ्यावी असे मनात आले होते. विचारले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी लोणचे आटवले आणि बाटल्या भरल्या. पाच भरल्या. एक त्या शेतकरी तरुणाला दिली. त्याच्या बायकोने लगेच हिशेब घातला, की फळाला भाव नाही तर लोणच्याला येईल का. आम्ही उगाच आशा दाखवली नाही. एका बाटलीमागे सरपण, गूळ, व्हिनेगर, दोन दिवसांची मेहनत, आणि विकायचे म्हणजे परवाना, शिक्का, दुकानदाराची मर्जी. पण बचत गटातल्या बायकांनी मिळून येत्या उन्हाळ्यात वीस किलोचा एक घाणा करून पाहावा, एवढे ठरले. भाव पडलेल्या हंगामात दहा फळे जरी अशी मार्गी लागली तरी टेम्पोभर वाटून टाकण्यापेक्षा बरे. तिने कृती वहीत उतरवून घेतली आणि गुळाचे प्रमाण दोनदा विचारले.

एक बाटली घरी ठेवली. ती फळीवर ठेवताना वहिनींनी चिठ्ठी चिकटवली, 'कलिंगडाच्या सालीचे लोणचे', खाली तारीख. आजीला अक्षरे वाचता येतात. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती सही शिकली आणि पुढे स्वतःच अक्षरे लावत वाचायलाही शिकली. तिने चिठ्ठी वाचली. नखाने 'सालीचे' तेवढे खरवडून काढले. मग बाटलीचे झाकण उघडून दाखवायला सांगितले, वास घेतला, आणि ताटलीत एक तुकडा मागितला. दात नसल्याने तो तिने बराच वेळ तोंडात घोळवला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

आमची जीप फाट्यावर उभी होती. मुले हाका मारत होती. आम्ही पाया पडलो, जय भीम केला आणि निघालो. पुढच्या पौर्णिमेला मीठ दीड चमचा घालू.